चार औषधांचे एक मलम आणि पुसला गेलेला पुरावा

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात न्यूयॉर्क शहरातील दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध झाली. पहिली २८ वर्षांची. गरोदरपणात तिच्या अंगावर गोल, खाजरे चट्टे उठले होते आणि ते पसरत चालले होते. अलीकडच्या काळात तिने परदेशप्रवास केलेला नव्हता. दुसरी ४७ वर्षांची. बांगलादेशात असताना तिला हा त्रास सुरू झाला, तिथे तिने बुरशीविरोधी औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेली मलमे लावली आणि मग ती न्यूयॉर्कला परतली. दोघींनाही टर्बिनाफिनच्या गोळ्या देण्यात आल्या. गुण आला नाही. पुढे पहिली इट्राकोनॅझोलने बरी झाली, दुसरीला ग्रिसिओफुल्व्हिनने बराच उतार पडला. त्यांच्या त्वचेवरील बुरशीचा जनुकीय क्रम वाचल्यावर जे नाव निघाले, ते अमेरिकेत प्रथमच नोंदवले जात होते : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. ‘टिनिया’ म्हणजे गजकर्ण, आणि ‘इंडो’ म्हणजे आपण.

हे नाव २०२० मध्ये जपानी संशोधकांनी दिले. जपानमध्ये राहणाऱ्या भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेवरून मिळालेल्या बुरशीवर त्यांचे काम आधारलेले होते. काही वर्षांपूर्वी एका जिवाणू-विकराच्या नावात ‘न्यू डेल्ही’ आले, तेव्हा संसदेपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत केवढा गदारोळ झाला होता, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. इंडोटिनीच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी आली नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर हे नाव ऐकलेला माणूस विरळाच. एखाद्या बुरशीच्या नावातून ती कोठे उगम पावली हे सिद्ध होत नाही, ती प्रथम कोणाच्या अंगावर ओळखली गेली एवढेच कळते. त्यामुळे नावावरून रुसण्यात अर्थ नाही. पण नावामागचे कारण आपल्या प्रत्येक गल्लीतील औषधाच्या दुकानात साठ-सत्तर रुपयांना मिळते, आणि त्याविषयी मात्र बोलले पाहिजे.

माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे आहे, वैद्यकाचे नाही. कोणाला कोणते औषध द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ते मी या लेखात सांगणारही नाही. मला बोलायचे आहे ते मोजमाप, निदान आणि पुरावा यांविषयी. त्वचेच्या संसर्गाच्या बाबतीत आपण देश म्हणून जे करतो आहोत, ते कोणत्याही प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करू दिले जाणार नाही.

आधी ही बुरशी काय करते ते पाहू. गजकर्ण किंवा नायटा ज्या बुरशींमुळे होतो, त्या केराटिन या प्रथिनावर जगतात. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, केस आणि नखे हेच त्यांचे अन्न. जिवंत ऊतींमध्ये त्या सहसा उतरत नाहीत. चट्टा कडेने वाढत जातो आणि मध्यभागी निवळतो, म्हणून त्याला ते ओळखीचे कड्यासारखे रूप येते. या बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो; आपल्या पेशींमध्ये त्याची जागा कोलेस्टेरॉल घेते. हा फरक आहे म्हणूनच बुरशीविरोधी औषधे शक्य झाली. टर्बिनाफिन हे औषध अर्गोस्टेरॉलच्या निर्मितीतील एक सुरुवातीचा टप्पा रोखते. स्क्वालीन एपॉक्सिडेज नावाच्या विकराला ते चिकटते, त्यामुळे एकीकडे अर्गोस्टेरॉल तयार होत नाही आणि दुसरीकडे स्क्वालीन साचत जाऊन पेशी मरते. अनेक वर्षे हे औषध गजकर्णावरचा हुकमी उपाय होते.

२०१८ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ट्रायकोफायटॉनच्या ३२ टक्के नमुन्यांवर टर्बिनाफिनचा प्रभाव पडत नसल्याचे आढळले. त्याच वर्षी चंडीगडच्या पीजीआयमधूनही असाच निष्कर्ष आला. कारण जनुकात सापडले : त्या विकराच्या साखळीत ३९७ व्या जागी फेनिलअलानिनऐवजी ल्युसीन. अमिनो आम्लांच्या एवढ्या मोठ्या साखळीत एक मणी बदलला, खाचेचा आकार किंचित बदलला, आणि औषधाची किल्ली फिरेनाशी झाली. पुढच्या वर्षी संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर दिसले, की भारतात पसरलेली ही बुरशी बहुतांशी एकाच वंशाची आहे. म्हणजे ठिकठिकाणी स्वतंत्रपणे घडलेल्या अपघातांची ती बेरीज नव्हती. एक यशस्वी वाण देशभर फोफावला होता. पूर्वी भारतात ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात प्रमुख होती. तिची जागा या वाणाने जवळपास एका दशकाच्या आत घेतली.

आता त्या मलमाकडे वळू.

औषधाच्या दुकानात जाऊन ‘जांघेत खाज येते’ असे सांगितले, की बहुधा एक नळी पुढे सरकवली जाते. तिच्यावरील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचण्यासारखी असतात. एक प्रबळ स्टेरॉइड, बहुतेकदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. एक बुरशीविरोधी औषध. एक प्रतिजैविक, उदाहरणार्थ निओमायसिन, जेंटामायसिन किंवा ऑफ्लॉक्सासिन. आणि कधी कधी चौथे ऑर्निडॅझोल, जे मुळात ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंवर आणि अमीबासारख्या आदिजीवांवर चालते. त्वचेच्या अगदी वरच्या, हवेच्या सान्निध्यातल्या थरात राहणाऱ्या गजकर्णाशी ऑर्निडॅझोलचा संबंध काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही औषधशास्त्राच्या पुस्तकात सापडलेले नाही.

प्रयोगाचा पहिला धडा असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बटणे एकदम फिरवली आणि यंत्राचा काटा हलला, तर कोणत्या बटणामुळे हलला हे कळण्याचा मार्ग उरत नाही. या मलमाने तेच होते. खाज थांबली, तर ती बुरशी मेली म्हणून थांबली, की जिवाणू मेले म्हणून, की संसर्ग नव्हताच आणि साधा इसब स्टेरॉइडने शांत झाला? आणि खाज थांबली नाही, तर नेमके काय अपयशी ठरले? रुग्णाला कळत नाही, दुकानदाराला कळत नाही, आणि महिन्याभराने ज्या डॉक्टरांपुढे तो रुग्ण बसतो त्यांनाही कळत नाही, कारण तोवर चट्ट्याचे रूपच पालटलेले असते. या रूपांतराला वैद्यकात नावसुद्धा आहे. ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेषांतर केलेले गजकर्ण, ही संज्ञा १९६८ मध्ये ब्रिटनमधील दोन डॉक्टरांनी रूढ केली. स्टेरॉइडची मलमे बाजारात येऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. कडेचा उठाव जातो, खपल्या जातात, लाली फिकी पडते. कधी एका कड्याच्या आत दुसरे कडे दिसू लागते. बुरशी मात्र तिथेच असते, आणि प्रतिकार दबल्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक निर्धास्त असते.

स्टेरॉइडचा परिणाम जलद होतो, हीच खरी अडचण आहे. दाह हा शरीराने संसर्गाविरुद्ध उभारलेला प्रतिसाद असतो. लाली आणि खाज ही त्याची लक्षणे. क्लोबेटासोल तो प्रतिसाद दडपते. दोन दिवसांत माणसाला बरे वाटते, तो मलम थांबवतो, आठवड्याभरात चट्टा दुप्पट जोमाने परततो आणि तो पुन्हा त्याच दुकानात जातो. ग्राहकाच्या दृष्टीने हे औषध ‘लागू पडणारे’ असते, कारण लावले की बरे वाटते. शुद्ध बुरशीविरोधी मलमाने बरे वाटायला अधिक दिवस लागतात, म्हणून ते बाजारात हरते.

त्यातही जागेचा प्रश्न आहे. त्वचा हा सर्वत्र सारख्या जाडीचा पडदा नव्हे. फेल्डमन आणि मायबाक यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या निरनिराळ्या भागांतून किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या पुढच्या भागाची आतली बाजू एक धरली, तर वृषणाच्या त्वचेतून ते ४२ पट शोषले गेले. विसरणाचे नियम शिकलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही : पडदा पातळ, उष्णता आणि ओलावा जास्त, वर घट्ट कपड्याचे आच्छादन. आपल्याकडे ही मलमे सर्वाधिक कुठे लावली जातात? जांघेत. तिथे त्वचा पातळ होते आणि ताणाचे पांढरे-जांभळे पट्टे उमटतात. ते कायमचे असतात. ज्या वसतिगृहात मी संशोधनाची वर्षे काढली, तिथे असे पट्टे घेऊन वावरणारे विद्यार्थी मला माहीत आहेत. त्यांच्यापैकी कोणीही त्याविषयी उघड बोलत नसे. या रोगाचा अर्धा कारभार संकोचावर चालतो. जागा अशी, की डॉक्टरांना दाखवायची लाज वाटते. दुकानदाराला दाखवावी लागत नाही.

आता यावर नेहमीचा आणि वरवर पाहता वाजवी असा युक्तिवाद ऐकू येतो. खेड्यातल्या माणसाला त्वचारोगतज्ज्ञ मिळत नाही, तपासण्या परवडत नाहीत, जिवाणू की बुरशी हे त्याला ठरवता येत नाही. मग एकाच नळीत सर्व काही असलेले काय वाईट? हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. टंचाईच्या परिस्थितीत माणसे अशीच निवड करतात आणि त्यांना मूर्ख म्हणण्याचा हक्क कोणालाच नाही. पण या युक्तिवादाच्या पोटात एक गृहीत आहे : निदान महाग आणि दुर्मीळ असते, औषध स्वस्त असते. त्वचेच्या बाबतीत हे गृहीत सपशेल चुकीचे आहे. शरीरातल्या इतर कोणत्याही अवयवाचे निदान इतके उघड्यावर, इतक्या कमी खर्चात होत नाही.

जिवाणू आणि बुरशी यांतला फरक अनेकदा डोळ्यांनाच दिसतो. लहान मुलाच्या नाकाखाली मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या असतील, तर ते जिवाणूंचे काम असण्याची शक्यता दाट. केसाच्या मुळाशी उठलेले, पू धरणारे, ठणकणारे केस्तूड हेही जिवाणूंचेच, बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे. पायाचा मोठा भाग अचानक लाल, गरम, सुजलेला होऊन ताप आला, तर ती मलमाची बाब राहत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. संथपणे कडेने सरकणारा, खपल्यांचा, ठणकण्यापेक्षा खाजणारा चट्टा बुरशीकडे बोट दाखवतो. छातीपाठीवर उठणारी शिबेसुद्धा बुरशीचीच, पण ती मॅलासेझिया नावाच्या निराळ्या यीस्टची. तिच्यावर टर्बिनाफिनच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, मग ती प्रतिरोधक असो वा नसो. ‘बुरशी’ हा शब्दही निदान म्हणून अपुरा पडतो तो असा.

जिथे डोळा चकतो, तिथे भौतिकशास्त्र मदतीला येते, आणि इथे मला थोडे रेंगाळू द्या. जांघेतल्या तपकिरी-लाल चट्ट्यांचे एक कारण एरिथ्राझ्मा नावाचा जिवाणूसंसर्ग हे असते. तो दिसतो हुबेहूब गजकर्णासारखा. त्यावर टर्बिनाफिनच्या गोळ्या महिनाभर घेतल्या तरी व्यर्थ. पण खोलीत अंधार करून त्यावर सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश टाकला, की तो चट्टा पोवळ्यासारख्या लाल रंगाने उजळतो, कारण ते जिवाणू कोप्रोपॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात आणि ते अतिनील प्रकाश शोषून लाल प्रकाश बाहेर टाकते. गजकर्णाचा चट्टा असा उजळत नाही. (रुग्ण नुकताच आंघोळ करून आला असेल, तर रंगद्रव्य धुऊन गेलेले असते आणि तपासणी फसते. असे तपशील पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत असतात आणि दवाखान्यात निर्णायक ठरतात.) या दिव्याला ‘वुड्स लॅम्प’ म्हणतात. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते रॉबर्ट वुड डॉक्टर नव्हते. ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्रकाशशास्त्राचे संशोधक होते. हेच ते वुड, ज्यांनी १९०४ मध्ये फ्रान्समध्ये जाऊन तथाकथित ‘एन-किरणां’चे प्रात्यक्षिक पाहताना अंधारात उपकरणातला लोलक हळूच काढून घेतला. लोलक नसतानाही किरण दिसत असल्याचे सांगितले गेले आणि एन-किरणांचा फुगा फुटला. औषधकंपनीच्या प्रतिनिधीच्या ‘सर्वांवर चालते’ या दाव्यापुढे असाच एखादा वुड उभा राहावा, असे मला फार वाटते.

दुसरी तपासणी याहून साधी. चट्ट्याच्या कडेवरची, मध्यभागाची नव्हे, थोडी खपली बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घ्यायची, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची आणि दहा-वीस मिनिटे थांबायचे. अल्कलीत त्वचेच्या पेशींचे केराटिन विरघळते. बुरशीची भिंत कायटिन आणि ग्लुकनची असल्याने टिकून राहते. मग सूक्ष्मदर्शकाखाली लांब, फाटे फुटलेले, आडव्या पडद्यांनी विभागलेले तंतू दिसतात. ते दिसले म्हणजे बुरशी आहे.

नवशिक्यांना हे तंतू दिसत नाहीत, याचे कारण गमतीचे आहे. तंतू पारदर्शक असतात आणि त्यांचा अपवर्तनांक भोवतालच्या द्रवाच्या इतका जवळ असतो, की भरपूर प्रकाशात ते विरून जातात. विद्यार्थी नीट दिसावे म्हणून प्रकाश वाढवतो आणि उरलेसुरलेही हरवतो. करायचे असते उलट : कंडेन्सरखालची झडप आवळायची, प्रकाशाचा शंकू अरुंद करायचा. भेदनक्षमता थोडी घटते, पण कडा ठळक होतात आणि तंतू वर येतात. याच अडचणीवरचे अधिक देखणे उत्तर झेर्निके यांनी कलाभेद सूक्ष्मदर्शकाच्या रूपाने शोधले आणि त्यासाठी त्यांना १९५३ चे नोबेल मिळाले. गजकर्णासाठी नोबेलची गरज नाही, झडप आवळणारा हात पुरतो.

या तपासणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खरवडणारा अननुभवी असेल किंवा रुग्णाने आदल्या दिवसापर्यंत बुरशीविरोधी मलम लावले असेल, तर बुरशी असूनही ती न दिसण्याचा संभव असतो. पेशींच्या कडा कधी कधी तंतूंसारख्या भासतात. बुरशी कोणत्या जातीची, औषधाला दाद देणारी की न देणारी, हे यातून मुळीच कळत नाही. संवर्धन करायचे तर आठवडे जातात, आणि इंडोटिनीला तिच्या जवळच्या भाईबंदांपासून निश्चितपणे वेगळे ओळखायला जनुकीय क्रमच वाचावा लागतो. पण ‘बुरशी आहे की नाही’ या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर आज देशातल्या बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत कोणी विचारतच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांची चर्चा त्यानंतर करता येईल.

आणि सूक्ष्मदर्शक आहेत कुठे? आहेत. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने थुंकीच्या तपासणीसाठी देशभर हजारो सूक्ष्मदर्शक केंद्रे उभी केली. हिवतापासाठी रक्ताच्या काचपट्ट्या तपासणारे तंत्रज्ञ कित्येक दशकांपासून आहेत. क्षयाचा जिवाणू शोधणे हे गजकर्णाच्या तंतूंपेक्षा कितीतरी कठीण काम. तो जिवाणू काही मायक्रॉन लांब आणि अर्धा मायक्रॉनही जाड नाही. तंतू दोन ते चार मायक्रॉन रुंद आणि दूरवर पसरलेला. जो तंत्रज्ञ पहिले करतो, त्याला दुसरे शिकवायला फार काळ लागू नये. लागणारे रसायन हे शाळेच्या प्रयोगशाळेतलेही असते. काही विद्यार्थी मला कागदी घडीच्या सूक्ष्मदर्शकाविषयी, म्हणजे फोल्डस्कोपविषयी विचारतात. त्याची भेदनक्षमता सुमारे दोन मायक्रॉन सांगितली जाते, म्हणजे हे काम अगदी काठावरचे. शिवाय खरी अडचण भेदनक्षमतेपेक्षा कडांच्या ठळकपणाची आहे. पारदर्शक तंतू स्वस्त यंत्रातून ठळक कसे करावेत, हा प्रकाशशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी उत्तम विषय आहे. कोणी हाती घेतला तर मला आनंद होईल.

एका बाबतीत मात्र आपल्याच बाजूच्या लोकांशी माझा मतभेद आहे. ‘स्टेरॉइड मलमांमुळे प्रतिरोधक बुरशी निर्माण झाली’ असे सरसकट लिहिले जाते. कार्यकारणाची ही साखळी इतकी सरळ नाही. स्टेरॉइड त्या विकराच्या जनुकात बदल घडवत नाही. टर्बिनाफिनला न जुमानणारा वाण निवडला जातो तो टर्बिनाफिनच्याच माऱ्याखाली : अर्धवट घेतलेल्या गोळ्या, दोन दिवस लावून सोडलेले मलम, एकाच घरात एकाने उपचार घेणे आणि बाकीच्यांनी न घेणे. स्टेरॉइडचे काम निराळे आहे. ते संसर्ग लांबवते, अंगावर बुरशीचा साठा वाढवते, लक्षणे झाकून माणसाला इतरांमध्ये मिसळू देते. हे दोन्ही एकाच नळीत भरले, की निवडीचा दाब आणि दडपलेला प्रतिकार यांची गाठ पडते. हे अतिशय संभाव्य स्पष्टीकरण आहे असे माझे मत आहे. पण संभाव्य आणि सिद्ध यांतले अंतर आपणच पुसून टाकले, तर मलमवाल्यांना नावे ठेवण्याचा आपला हक्क कमी होतो.

उपचार फसण्याचे खापर दर वेळी प्रतिरोधावर फोडणेही बरोबर नाही. इट्राकोनॅझोलचेच उदाहरण घ्या, ज्यावर आता सारी भिस्त आहे. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून साखरेच्या सूक्ष्म गोळ्यांवर, बहुलकात मिसळलेल्या औषधाचा पातळ थर चढवून त्या कॅप्सूलमध्ये भरतात. त्या थरात औषध स्फटिकरूपात नसते, अस्फटिक असते. अस्फटिक अवस्थेची ऊर्जा जास्त असल्याने ते पोटातल्या आम्लात अधिक विरघळते. म्हणजे परिणाम गोळ्यांच्या संख्येवर, आकारावर, थराच्या जाडीवर आणि एकसारखेपणावर अवलंबून. दिल्लीतील त्वचारोगतज्ज्ञांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅप्सूल उघडून, त्वचा पाहण्याच्या भिंगाखाली या गोळ्या तपासल्या तेव्हा त्यांत लक्षणीय तफावत दिसली. वेष्टनावर छापलेले मिलिग्रॅम सारखेच होते. त्यात रुग्ण आम्लपित्ताची गोळी सोबत घेत असेल, तर जठरातले आम्लच कमी होते आणि शोषण आणखी घटते. बुरशी प्रतिरोधक नसतानाही उपचार असा फसू शकतो, आणि निदान व संवेदनशीलतेची नोंद नसेल तर हे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत.

कायदा काय करतो? कागदावर बरेच काही. बाह्य वापराच्या स्टेरॉइड मलमांना औषध नियमांच्या ‘शेड्यूल एच’मधून जी पळवाट होती, ती २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांची नावे घालून बुजवण्यात आली, आता ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. यामागे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने वर्षानुवर्षे केलेला पाठपुरावा होता. मिश्रणांचा इतिहास अधिक नागमोडी आहे. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ निश्चित-मात्रा मिश्रणांवर बंदी घातली, त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये प्रकरण तज्ज्ञ मंडळाकडे फेरतपासणीला पाठवले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. त्यांत त्वचेची अनेक मलमे होती. पण बंदी असते ती ठरावीक मिश्रणावर. चारांतला एक घटक बदलला, की कागदोपत्री नवे मिश्रण जन्माला येते आणि तपासणीचे चक्र पहिल्यापासून सुरू होते. आणि चिठ्ठीच्या नियमाचे काय होते ते पाहायला संशोधनाची गरज नाही. वेष्टनावरच्या त्या लाल रेषेचा अर्थ काय, हे आपल्या गल्लीतल्या दुकानात विचारून पाहा.

मिश्रणांना एकेक करून पकडण्यापेक्षा नियम उलटा करावा, असे मला वाटते. स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि प्रतिजैविक ही तिन्ही एका नळीत असण्याचा उपयोग प्रत्यक्ष रुग्णांवरच्या तुलनात्मक चाचण्यांनी ज्याने दाखवला असेल, त्यालाच परवाना मिळावा. ज्याने दाखवला नाही, त्याचा परवाना आपोआप संपावा. सिद्धतेचा भार आज रुग्णाच्या कातडीवर आहे, तो उत्पादकाच्या खांद्यावर जावा. याबरोबर जिल्हा रुग्णालयांतून दर महिन्याला ठरावीक संख्येने खरवडीचे नमुने एखाद्या संदर्भ प्रयोगशाळेत जावेत. चंडीगडला रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, कौशल्य आहे, रस्ता नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्राधान्याच्या १९ बुरशींची यादी काढली. तीत गजकर्णाची एकही बुरशी नाही, कारण ती यादी मुख्यतः जिवावर बेतणाऱ्या संसर्गांची आहे. संघटनेचा निकष समजण्यासारखा आहे. पण गजकर्णाने सहसा कोणी मरत नाही म्हणून त्याला निधी नाही, आणि निधी नाही म्हणून आकडे नाहीत. कोणत्या राज्यात कोणत्या जातीचे प्रमाण किती, कोणत्या औषधाची धार किती उरली आहे, याचा चालता-बोलता राष्ट्रीय नकाशा सर्वसामान्य डॉक्टरांच्या हाती आज नाही. दिल्ली आणि चंडीगडचे जे आकडे वर दिले, ते मोठ्या रुग्णालयांत पोचलेल्या, म्हणजे बहुधा आधीच बराच औषधोपचार झालेल्या रुग्णांचे. त्यावरून गडचिरोली किंवा गोरखपूरचा अंदाज बांधणे धाडसाचे ठरेल.

हे वाचणाऱ्यांत वसतिगृहात राहणारे बरेच जण असतील, म्हणून थोडे व्यवहाराचे. टॉवेल, अंतर्वस्त्रे आणि अंथरूण कोणाशी वाटून घेऊ नका. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे करून वाळवा. खोलीतल्या दोघांना त्रास असेल तर दोघांनीही एकाच वेळी डॉक्टरांकडे जा. जाण्यापूर्वी जे काही लावत होता त्याची नळी, रिकामी असली तरी, सोबत न्या. तिच्यावरचे घटक वाचल्याशिवाय डॉक्टरांना चट्ट्याचे खरे रूप कळणार नाही. स्टेरॉइड बरेच दिवस लावले असेल तर ते कसे थांबवायचे हेही त्यांनाच विचारा. आणि त्यांनी लगेच चिठ्ठी लिहायला घेतली, तर संकोच न करता एवढे म्हणा, की आधी खरवडून काचपट्टीवर पाहता येईल का.